केमो चालू, भूकही आहे, तरी वजन घटतंय: जंत आणि परजीवींचा विचार कधी आणि कसा करायचा

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आई ५६ वर्षांच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावात राहणाऱ्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या. लिम्फोमासाठी, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगासाठी, आर-चॉप या केमोचे तीन डोस झालेत आणि स्कॅनमध्ये गाठी निम्म्याहून लहान झाल्यात. तोंड आलं होतं ते बरं झालं, भूक परत आली. तरी चार महिन्यांत वजन ५४ वरून ४६ किलोवर आलं. दिवसातून तीन-चार वेळा भरपूर, मऊ, उग्र वासाची शौच होते, पोट फुगतं, हिमोग्लोबिन ८.४ आहे. एकदा केलेली शौचाची तपासणी 'नॉर्मल' आली. डॉक्टर म्हणाले, हे आजारामुळे आणि औषधांमुळे होतंय. शेजारच्यांनी जंताची गोळी सुचवली. आता तुमचे प्रश्न तीन: खरंच जंत असू शकतात का, गोळी देऊन टाकू का, आणि केमो थांबवावी लागेल का.

असू शकतात. गोळी अंदाजाने देऊ नका. केमो बहुतेक वेळा थांबवावी लागत नाही, पण एका परजीवीच्या बाबतीत पुढच्या डोसच्या आधी उत्तर मिळणं फार महत्त्वाचं आहे. सविस्तर सांगते.

५४ वरून ४६ म्हणजे जवळपास १५ टक्के घट. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन गेलं की ते तीव्र कुपोषण मानलं जातं. केमो सोसण्याची ताकद, जखमा भरणं, संसर्गाला तोंड देणं या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. त्यामुळे 'आजार बरा झाला की वजन येईल' असं म्हणून थांबण्याची ही पायरी नाही. डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणायचं नाही. कर्करोगात माणूस खंगण्याचं सगळ्यात मोठं कारण आजार आणि उपचार हेच असतं. पण तुमच्या आईंच्या बाबतीत एक गोष्ट त्यात बसत नाही. गाठी विरघळतायत, भूक आलीय, आणि तरी वजन उतरतंय. आजारामुळे खंगणं होत असेल तर आजार मागे हटल्यावर ते निदान थांबायला हवं. त्यात शौचाचं वर्णन असं आहे की आतड्याकडे बोट जातंच.

अशा वेळी मी एकच विचारते: अन्न नेमकं कुठे वाया जातंय? एकतर ते पुरेसं पोटात जात नाही. किंवा जातं पण आतड्यातून अंगी लागत नाही. किंवा अंगी लागलेलं परत गळून जातं, रक्तावाटे, शौचातून प्रथिनांवाटे किंवा लघवीतून साखरेवाटे. किंवा शरीरातला दाह ते जाळून टाकतो. जंत आणि परजीवी यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर बसलेले असतात, म्हणून ते वरवर दिसत नाहीत. वजन घटणं, अशक्तपणा, जुलाब, रक्त कमी होणं ही सगळी लक्षणं केमोचीही असतात, आणि केमोच्या नावावर ती खपून जातात.

पण परजीवींकडे जाण्याआधी पहिली वाट तपासा. 'आई व्यवस्थित जेवते' हे घरातल्यांचं म्हणणं मी मोजल्याशिवाय धरत नाही. ४६ किलोच्या व्यक्तीला दिवसाला निदान ११५० ते १४०० कॅलरी आणि ५५ ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन परत आणायचं असेल तर याहून थोडं जास्तच. आता सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर भाजी, वाटीभर पातळ आमटी, संध्याकाळी चहा, रात्री अर्धी भाकरी आणि थोडा आमटी-भात असं जेवण धरा. मध्यम भाकरीत ६०-७० ग्रॅम पीठ असतं, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी आणि ६-७ ग्रॅम प्रथिनं. सगळं मिळून हा दिवस ९०० कॅलरी आणि २५-३० ग्रॅम प्रथिनांपुढे जात नाही. ताटाकडे पाहून तो पोटभर वाटतो. म्हणून सलग तीन दिवस वाट्या-भाकऱ्या मोजून वहीत लिहा. आकडा १४०० च्या वर असूनही वजन पडत असेल तर शंका पक्की होते. आकडा ९०० असेल तर आधी ताट भरायचं, आणि तपासण्याही करायच्या, कारण दोन्ही कारणं एकदम असू शकतात.

दुसरी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती रक्तातली साखर. आर-चॉपमध्ये दर चक्राला पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं जातं. त्याने साखर वाढते आणि लघवीतून निघून जाते, वजन झपाट्याने उतरतं. सकाळची उपाशीपोटी साखर यात नॉर्मल असू शकते. म्हणून स्टेरॉइडच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची साखर बघा. ही तपासणी स्वस्त आहे, ती आधी करून टाका.

आता परजीवी. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांशी सगळ्यात जास्त जुळणारा आहे जिआर्डिया. हा कृमी नाही, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव आहे. त्याच्या पुटी, म्हणजे कवचातली सुप्त रूपं, दूषित पाण्यातून पोटात जातात, दहा ते पंचवीस पुटीही संसर्गाला पुरतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात तो अस्तराला चिकटून बसतो. अन्न शोषून घेणारे केसासारखे उंचवटे आखूड होतात, दुधातली साखर पचवणारं विकर कमी होतं, स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत. परिणाम शौचात दिसतो: फिकट, तेलकट, तरंगणारी, भांड्याला चिकटणारी, दोनदा पाणी ओतावं लागेल अशी. ढेकरांना सडक्या अंड्यासारखा वास येतो. दूध घेतलं की गुडगुड वाढते. रक्त पडत नाही, ताप नसतो, म्हणून घरात कोणी घाबरत नाही आणि महिनोन्महिने हे चालू राहतं. पित्ताच्या गोळ्या रोज चालू असतील तर जठरातलं आम्ल कमी होतं आणि अशा जंतूंची पुढची वाट सोपी होते. तुमच्या यादीत पँटोप्रॅझोल आहे. ते खरंच रोज हवं आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

हिमोग्लोबिन ८.४ चं कारण केमो असू शकतं, पण शेतात अनवाणी काम केलेल्या बाईत अंकुशकृमी, ज्याला हूकवर्म म्हणतात, तोही धरावा लागतो. त्याची अळी ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे शरीरात शिरते आणि शेवटी लहान आतड्यात जाऊन अस्तराला दातांनी धरून रक्त पिते. आपल्याकडे त्याच्या दोन जाती आहेत. नेकेटर जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, अँकायलोस्टोमा जातीचा ०.१५ ते ०.२ मिलिलिटर. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पहिल्या जातीचे शंभर कृमी महिन्याला ९० मिलिलिटर रक्त घेतात, सर्वसाधारण मासिक पाळीत जातं त्याच्या दुप्पट. दुसऱ्या जातीचे असतील तर याच्या पाच ते सात पट. रक्ताबरोबर लोह जातं आणि प्रथिनंही जातात. केमो चालू असताना तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, उतरत गेलेला दिसला आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचं प्रमाण, २० टक्क्यांच्या खाली असलं तर लोहाची गळती शोधायची. फेरिटिनवर, म्हणजे साठवलेल्या लोहाच्या तपासणीवर, एकट्यावर विसंबू नका. दाहामुळे ते खोटंच वर राहतं.

इथे एक सांगायला हवं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जी राष्ट्रीय जंतनाशक मोहीम होते, ती १ ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे. 'आमच्याकडे सगळ्यांना गोळ्या मिळतात' असं गावाकडची माणसं मनापासून सांगतात, पण आईच्या पिढीला ती गोळी कुणी दिलेली नसते.

क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा आणि सिस्टोआयसोस्पोरा ही तीन नावं थोडक्यात सांगते, कारण लिम्फोमात आणि केमोत प्रतिकारशक्ती खालावली की हे पाण्यासारखे जुलाब लावतात आणि ते आठवडेच्या आठवडे थांबत नाहीत. यांची अडचण अशी की नेहमीच्या तपासणीत ते सहसा दिसत नाहीत. त्याबद्दल पुढे येतेच.

सगळ्यात जास्त काळजी मला ज्याची वाटते तो मात्र वेगळाच आहे: स्ट्राँगिलॉइडिस. हाही अनवाणी पायांतून शिरणारा बारीक कृमी. बहुतेक कृमींची संख्या शरीरात आपोआप वाढत नाही, नव्याने संसर्ग व्हावा लागतो. याचं तसं नाही. याच्या काही अळ्या बाहेर न पडता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून परत आत शिरतात, त्यामुळे तो माणसाच्या अंगात तीस-चाळीस वर्षंही टिकतो. लहानपणी शेतात झालेला संसर्ग साठीत अंगात असू शकतो, आणि त्या माणसाला कधीमधी पोटदुखी किंवा अंगावर खाज यापलीकडे काही जाणवलेलं नसतं. मग स्टेरॉइड सुरू होतं, लिम्फोमासाठी प्रेडनिसोलोन किंवा उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन. त्याबरोबर अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसात आणि मेंदूपर्यंत जातात, आणि आतड्यातले जंतू बरोबर रक्तात नेतात. ही अवस्था ओळखायला उशीर झाला तर जीव वाचवणं अवघड होतं, आणि रक्तात ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला सापडल्यामुळे सगळे त्याला 'केमोनंतरचा साधा सेप्सिस', म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग, समजून बसतात. हे थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडनेही झालेलं आहे. त्यामुळे मातीशी आयुष्यभर संबंध असलेल्या माणसाला स्टेरॉइड असलेली केमो द्यायची तर त्याआधी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या आईंचे तीन डोस झालेत आणि असं काही झालेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण 'नाहीच' असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आज घरी बसून तुम्ही करू शकाल असं एक काम: निदान होण्याआधीचे, केमोपूर्वीचे जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट काढा आणि त्यातले इओसिनोफिल, हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, बघा. एकूण पांढऱ्या पेशींना टक्केवारीने गुणायचं. ८००० पेशी आणि १२ टक्के इओसिनोफिल म्हणजे ९६०. हा आकडा ५०० च्या वर असेल तर कृमींची शंका वाढते. लिम्फोमामुळेही तो कधी वाढतो, ॲलर्जीनेही वाढतो, म्हणून हा पुरावा नाही, इशारा आहे. आत्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र तो बघण्यात अर्थ नाही. स्टेरॉइड आणि केमो दोन्ही त्याला दाबून टाकतात, आणि आत्ता शून्य आला म्हणून कृमी नाहीत असं म्हणता येत नाही.

आता ज्या रिपोर्टवर सगळं अडलंय तो 'नॉर्मल'. एका नमुन्याच्या साध्या तपासणीला मी नकारार्थी उत्तर मानत नाही. जिआर्डियाच्या पुटी रोज पडत नाहीत, काही दिवस पडतात, काही दिवस नाही. एका नमुन्यात तो जवळपास निम्म्या वेळा हुकतो. तीन नमुन्यांत बहुतेक वेळा सापडतो. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या तर इतक्या कमी असतात की एका नमुन्यात त्या न दिसणं हेच जास्त घडतं. म्हणून एक दिवस आड असे तीन नमुने, दहा दिवसांच्या आत.

नमुना घेण्यातच अर्धी तपासणी बिघडते, म्हणून हे नीट करा. रुंद तोंडाची कोरडी डबी लॅबमधूनच घ्या. आपल्या संडासात भांड्यातलं पाणी लागल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे बेडपॅन वापरा किंवा भांड्यावर स्वच्छ प्लास्टिक पसरा. लघवी आधी करून घ्यायला सांगा, कारण लघवी आणि संडासातलं पाणी दोन्हींनी जिवंत परजीवी मरतात. मोठ्या सुपारीएवढा भाग पुरतो. आव किंवा रक्त दिसत असेल तर तोच भाग घ्या. पातळ शौच अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचायला हवी, घट्ट असेल तर काही तास चालतात. गावाहून नेणं जमत नसेल तर लॅबकडून फॉर्मॅलिन घातलेली डबी मागून घ्या. त्यात पुटी आणि अंडी टिकतात. मात्र स्ट्राँगिलॉइडिससाठी दुसरा ताजा नमुना लागतो, आणि तो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, थंडीने अळ्या निपचित पडतात. उलट, साधा नमुना दिवसभर उन्हात डबीत पडून राहिला तर अंकुशकृमीची अंडी त्यातच उबतात, आणि बाहेर आलेल्या अळ्यांना कुणी स्ट्राँगिलॉइडिस म्हणून बसतो. अनुभवी माणूस अळीच्या तोंडाची पोकळी बघून दोन्हींतला फरक सांगतो, अंकुशकृमीची लांब असते, स्ट्राँगिलॉइडिसची आखूड. नमुने अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्या. बेरियमची तपासणी झाली असेल तर दहाएक दिवस थांबा.

आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर काय शोधलं जाईल ते ठरतं. नुसतं 'स्टूल रुटीन' लिहिलं असेल तर काचेवर एक थेंब सलाइनमध्ये, एक आयोडीनमध्ये, बस. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तीन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या: कॉन्सन्ट्रेशन पद्धतीने अंडी-पुटी तपासणी, मॉडिफाइड ॲसिड-फास्ट स्टेन, आणि स्ट्राँगिलॉइडिससाठी अगार प्लेट कल्चर किंवा बेअरमन पद्धत. ॲसिड-फास्ट रंगाशिवाय क्रिप्टोस्पोरिडियम ओळखू येत नाही. ४ ते ६ मायक्रॉनचा गोल ठिपका यीस्टसारखाच दिसतो. रंग दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर तो लाल-गुलाबी उठून येतो. जिआर्डियाची अँटिजेन तपासणी मिळत असेल तर ती अवश्य करा, सूक्ष्मदर्शकापेक्षा ती जास्त पकडते. मोठ्या लॅब पीसीआर पॅनेल, म्हणजे जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी, सुचवतात, त्याला काही हजार रुपये पडतात. जिआर्डिया आणि क्रिप्टोसाठी ते उत्तम आहे, पण अशा बहुतेक पॅनेलमध्ये अंकुशकृमी आणि स्ट्राँगिलॉइडिस नसतात. पॅनेल निगेटिव्ह आलं म्हणून कृमी नाहीत असं समजू नका. स्ट्राँगिलॉइडिससाठी रक्तातली अँटिबॉडी तपासणीही असते. पॉझिटिव्ह आली तर उपयोगी, निगेटिव्ह आली तर केमोच्या रुग्णात तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

मग गोळी का देऊन टाकू नये? 'जंताची गोळी' म्हणजे बहुतेक वेळा अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमचा एक डोस. तो गोल जंतांवर चांगला, अंकुशकृमीवरही बऱ्यापैकी चालतो. पण एका गोळीने जिआर्डिया जात नाही, क्रिप्टोस्पोरिडियमवर ती चालत नाही, आणि स्ट्राँगिलॉइडिस तिच्याने हमखास सुटत नाही. म्हणजे ज्या दोघांची तुमच्या बाबतीत मुख्य शंका आहे, ते जिआर्डिया आणि स्ट्राँगिलॉइडिस दोघेही गोळी दिल्यानंतर तिथेच राहतील, आणि वर 'जंताचं औषध झालंय' अशी खोटी खात्री होईल. शिवाय अल्बेंडाझोल पांढऱ्या पेशी आणखी खाली आणू शकतं. एका डोसने हे क्वचित होतं, कोर्स लांबला तर जास्त. आर-चॉपनंतर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पेशी आधीच तळाला असतात.

जे सापडेल त्याचं औषध ठरलेलं आहे. पुढचे आकडे डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून देतेय, दुकानातून आणून सुरू करण्यासाठी नाही. जिआर्डियाला टिनिडाझोल २ ग्रॅम एकदाच, किंवा मेट्रोनिडाझोल पाच ते सात दिवस, किंवा निटाझोक्सानाइड ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा तीन दिवस, जेवणाबरोबर. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते आणि जी भूक नुकती परत आलीय ती पुन्हा जाते. शिवाय लांबलेल्या कोर्समध्ये ते हातापायांना मुंग्या आणतं, आणि तुमच्या आईंच्या केमोतलं व्हिनक्रिस्टिनही तेच करतं. म्हणून मुंग्या आधीच असतील तर मी निटाझोक्सानाइडकडे झुकते. दुसरे कुणी वाचत असतील आणि घरच्या रुग्णाला कॅपेसिटाबिन किंवा ५-एफयू चालू असेल तर मेट्रोनिडाझोल सुरू करण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कर्करोगतज्ज्ञांना, विचाराच. त्या औषधांचा विषारीपणा त्याने वाढू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तरी तेच.

स्ट्राँगिलॉइडिसला आयव्हरमेक्टिन, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४६ किलोला सुमारे ९ मिलिग्रॅम, उपाशीपोटी पाण्याबरोबर, एक किंवा दोन दिवस. प्रतिकारशक्ती कमी असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा. तपासणी मिळत नसेल, रुग्ण मातीत काम करणारा असेल आणि स्टेरॉइड लगेच सुरू करायचं असेल तर रिपोर्टची वाट न पाहता हे औषध आधीच देण्याची पद्धत आहे, आणि ती मला पटते. सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोराला कोट्रायमॉक्साझोल चालतं. न्यूमोनियाच्या प्रतिबंधासाठी आईंना ते आधीच चालू असेल तर त्या दोघांची शक्यता तशीही कमी होते. क्रिप्टोस्पोरिडियमला खात्रीचं औषध नाही. निटाझोक्सानाइड देतात, पण खरा उतार प्रतिकारशक्ती सावरल्यावर पडतो. तोवर पाणी, क्षार आणि अन्न टिकवणं हेच मुख्य काम.

याच औषधांवरून सध्या मोबाइलवर एक गोष्ट फिरतेय की आयव्हरमेक्टिन किंवा जनावरांचं फेनबेंडाझोल घेतल्याने कर्करोगच बरा होतो. रुग्णांमध्ये हे सिद्ध झालेलं नाही. फेनबेंडाझोलने यकृताला इजा झालेली आहे. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. वावडिंग, ओवा, कडुनिंब हे आपल्या घरांत जंतांसाठी पूर्वापार देतात. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण केमो चालू असताना, न शिजवलेल्या चूर्णातून जंतू जाऊ शकतात आणि यकृतावर भार पडू शकतो, म्हणून तेवढे महिने ते बाजूला ठेवा.

औषधाबरोबर ताट आणि पाणी दोन्ही बदलायला हवं. जिआर्डिया गेल्यावरही दूध पचवण्याची शक्ती परत यायला काही आठवडे लागतात. तोवर साधं दूध, खीर, खवा टाळा. उकळलेल्या दुधाचं ताजं दही किंवा ताक बहुतेकांना चालतं. या काळात 'दुधाने जुलाब होतात म्हणजे औषध लागू पडलं नाही' असा गैरसमज होतो, तो होऊ देऊ नका. तेल-तूप दहा-पंधरा दिवस बेताचं ठेवा, शौच घट्ट झाली की रोज एक-एक चमचा वाढवत न्या. प्रथिनांसाठी नीट शिजलेलं अंडं, मुगाचं घट्ट वरण, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, खात असाल तर मासे किंवा चिकन. दोनदा भरपेट जेवण्यापेक्षा सहा वेळा थोडं थोडं. मात्र गेले काही दिवस आईंचं खाणं अगदीच कमी असेल, वहीतला आकडा पाचशेच्या खाली असेल, तर एकदम दुप्पट करू नका. अशा शरीरात अन्न अचानक वाढलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली जातं. ते तपासून, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन, चार-पाच दिवसांत चढवत न्यायचं असतं.

पाण्याचं म्हणाल तर खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळलेलं पाणी सगळ्यात भरवशाचं. क्लोरीनच्या थेंबांनी जिआर्डिया उशिरा मरतो आणि क्रिप्टोस्पोरिडियम जवळपास मरतच नाही. आरओ आणि यूव्ही चालतात, पण मेंब्रेन फाटलेलं नसेल आणि दिवा वेळेवर बदललेला असेल तरच. भांडी धुतल्यावर शेवटचा हात उकळलेल्या पाण्याचा. कोशिंबीर, कच्चा कांदा, कोथिंबीर हे विहिरीच्या पाण्याने धुतलं असेल तर तूर्त नको. शिजवलेलं सगळं चालेल, फळं सोलून. हातांना साबण-पाणीच लावा, सॅनिटायझरने या पुटी मरत नाहीत. आईंना जिआर्डिया निघाला तर घरातल्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करा, विशेषतः लहान मुलांची. नाहीतर तीन आठवड्यांत तो परत येतो. आणि अंगणात जातानाही पायात चप्पल.

फरक पडतोय का हे बघायला वजन आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर, सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी. घोट्यावर अंगठा दाबून खड्डा पडतो का तेही बघा, कारण सूज असेल तर वजन खोटं वाढलेलं दिसतं. जिआर्डिया हेच कारण असेल तर आठवड्याभरात शौच सुधारते आणि वजनाची घसरण दोन-तीन आठवड्यांत थांबते. अल्ब्युमिनवर, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाच्या आकड्यावर, डोळे लावून बसू नका. ते दाहाने खाली जातं आणि पोषण सुधारलं तरी लवकर हलत नाही.

तीनही नमुने निगेटिव्ह आले, किंवा औषध पूर्ण होऊन फरक पडला नाही, तर तिथे थांबायचं नाही. तेव्हा दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा तपासायला घेणं योग्य ठरतं. जिआर्डिया त्यातही सापडतो, आणि त्याबरोबर सिलिॲक आणि ट्रॉपिकल स्प्रू हे अन्न अंगी न लागण्याचे आजार आणि आतड्यातला लिम्फोमा यांचाही उलगडा होतो. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग या यादीतून कधीच वगळायचा नाही. केमोच्या काळात अँटिबायोटिक झाली असतील तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जिवाणूची तपासणीही लागते.

राहिला केमोचा प्रश्न. जिआर्डिया किंवा अंकुशकृमी निघाले तर उपचार दोन डोसच्या मधल्या काळात होऊन जातात, वेळापत्रक सहसा हलत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमचे जोरात जुलाब असतील तर ऑन्कॉलॉजिस्ट डोस पुढे ढकलू शकतात. स्ट्राँगिलॉइडिस निघाला तर पुढचं प्रेडनिसोलोन सुरू होण्याआधी आयव्हरमेक्टिन गेलंच पाहिजे. स्टेरॉइडचं काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं, तुम्ही स्वतःहून ती गोळी बंद करू नका. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, नव्याने खोकला-दम सुरू झाला, कमरेवर किंवा ढुंगणावर खाजणारी, तासातासाला पुढे सरकणारी लाल रेघ दिसली, पोट ताठ फुगून उलट्या लागल्या किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना हे वाक्य आवर्जून सांगा: 'आई शेतात काम करायच्या, स्टेरॉइड चालू आहे, स्ट्राँगिलॉइडिस तपासलेला नाही.'

चौथ्या डोसला अजून बारा दिवस आहेत असं तुम्ही लिहिलंय. पहिली डबी उद्या सकाळी दिली तर तिन्ही नमुने पाच दिवसांत होतात. अगार प्लेटला दोन-तीन दिवस जास्त लागतात, तरी रिपोर्ट डोसच्या आधी हातात येतो.